कसरीनं खाल्लेलं अक्षर

प्राध्यापक अनार्ग्युरोस डेल्लास गेल्याचं थेक्ला झारकादाला सरोवराच्या धक्क्यावरच कळलं.

सहा जानेवारीचा, पाण्याला आशीर्वाद द्यायचा सण होता. बिशपसाहेबांनी क्रूस पाण्यात टाकला होता, गोठवणाऱ्या पाण्यात पोरं त्याच्यामागे बुड्या मारत होती आणि ग्रीसमधलं अर्धं यानिना शहर काठावर लोटलं होतं. बंदोबस्त उपनिरीक्षक थेक्लाकडे होता. तेवढ्यात एक शेजारीण गर्दीतून वाट काढत आली.

"डेल्लास सरांकडे चला. पोलिक्सेनी ओरडतेय. सर उठत नाहीयेत."

थेक्लाच्या शेजारी उभी असलेली बाई एकदम वळली. ही एवान्थिया राप्ती. विद्यापीठात प्राचीन तत्त्वज्ञान शिकवायची. डेल्लास सरांची पट्टशिष्या. मिरवणूक यायच्या कितीतरी आधी ती एकटीच धक्क्यावर येऊन थांबली होती. सिगारेटसाठी काडी मागायला ती थेक्लाकडे आली तेव्हा तिचा हात इतका थरथरत होता की काडी थेक्लालाच ओढावी लागली. तिच्या काळ्या ओव्हरकोटाच्या खांद्यावर बियांची टरफलं होती. थेक्लानं ती झटकली.

"सरांचा पक्षी," एवान्थिया एवढंच म्हणाली होती. "पिंजऱ्याखाली उभं राहिलं की हेच होतं."

गर्दीतून बाहेर पडताना त्यांना लुकास त्सिरीगोस भेटला. उंच, किंचित वाकलेला, शाळेत ग्रीक शिकवणारा. तोही सरांचाच शिष्य. क्रूस पाण्यात पडून गेल्यावर तो लगबगीनं आलेला थेक्लानं पाहिला होता.

"काय झालं?" त्यानं विचारलं. दोघी सरांच्या घराकडे निघाल्या होत्या. तोही मागोमाग आला.

सर वाचनाच्या खोलीत खुर्चीतच होते. लुळा उजवा हात मांडीवर, काठी खुर्चीला टेकलेली, मान एका बाजूला, चेहरा लालसर, जणू जेवून डुलकी लागलीय. खोलीत लोखंडी शेगडी होती, तिचा धुराचा नळ भिंतीतून बाहेर गेलेला. हिवाळ्यासाठी खिडक्यांच्या फटी कापडाच्या पट्ट्यांनी बुजवलेल्या. आता खिडकी सताड उघडी होती आणि सरांची विधवा बहीण पोलिक्सेनी जमिनीवर बसून गुडघ्यांवर हात आपटत होती.

"मी मारलं त्याला. लाकडं वाचवायला गेले नि भावाला मारलं."

डॉक्टर आले. शेगडीचा विषारी वायू, म्हणाले. झोपेतच गेले असतील.

थेक्लाच्या साहेबांनी फोनवर सुस्कारा टाकला. "दर थंडीत एखादा म्हातारा असा जातोच. कागद पुरे कर नि मोकळी हो."

थेक्ला कागद पुरे करायला स्वयंपाकघरात बसली. तिथे टेबलावर एक पिंजरा होता. लाल तोंडाचा छोटा पक्षी आत बिया फोडत बसला होता. वाटीत ताजं पाणी होतं.

ती उठली आणि पुन्हा वाचनाच्या खोलीत गेली. खिडकीशेजारच्या दुसऱ्या खुर्चीच्या वर, छताजवळ, एक रिकामा आकडा होता. खाली फरशीवर टरफलांचा सडा.

"पोलिक्सेनीबाई, पिंजरा नेहमी कुठे असतो?"

"त्या आकड्याला. अनार्ग्युरोसला तो नजरेसमोर लागायचा."

"आज सकाळी?"

"तिथेच होता. मीच दाणे घातले, मग चर्चला गेले."

"मग स्वयंपाकघरात कोणी नेला?"

"त्यानंच नेला असेल. वाचताना कलकलाट नको म्हणून."

"उजवा हात लुळा असताना? काठी टेकून?"

पोलिक्सेनीनं डोळे पुसले. हा प्रश्न तिच्या डोक्यातच आला नव्हता.

"बरं, धुराच्या नळाची झडप तुम्ही फिरवली होती?"

"रोज फिरवते. अर्धी. म्हणजे लाकूड हळू जळतं. आज घाईत पूर्ण फिरवली गेली असणार. मी आले तेव्हा मूठ आडवी होती, बाई. पार आडवी. अर्धी असली की तिरकी असते."

"तुम्ही चर्चला गेलात तेव्हा खोलीत कोण होतं?"

"तो, आणि एवान्थिया नि लुकास. सणाच्या दिवशीसुद्धा वाचायला बसले होते. कॉफी दिली, केक कापून दिला नि निघाले."

थेक्लानं मान हलवली. म्हातारी पुन्हा रडू लागली.

दारात लुकास उभा होता. तो आत आला, तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला आणि तिचे दोन्ही हात त्यानं हातात घेतले.

"काकू, असं म्हणू नका. तुम्हाला माहीत होतं का? नव्हतं. अजाणता झालेल्या गोष्टीचं पाप लागत नाही. सर आयुष्यभर हेच शिकवत आले."

पोलिक्सेनीनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

*

एवान्थियाला थेक्लानं पोलीस चौकीत बोलावलं.

"सकाळी तुमचं आणि सरांचं भांडण झालं?"

"आमचं दर गुरुवारी भांडण व्हायचं."

"आज गुरुवार नव्हता."

एवान्थियानं कोटाचं वरचं बटण काढलं.

"कशावरून?"

"एका अक्षरावरून." ती कडवट हसली. "तुम्हाला हसू येईल. सरोवरातल्या बेटावरच्या मठात एक जुनी पोथी आहे. माणसाचं कर्म कुठलं त्याचं स्वतःचं मानायचं नि कुठलं नाही, यावर कुणा निनावी भाष्यकारानं लिहिलेली. त्यात एक वाक्य आहे. भीतीपोटी मित्राला पकडून देणारा माणूस ते कसं करतो, याबद्दल. आणि नेमका तोच शब्द कसरीनं खाल्लाय. पहिलं अक्षर गेलंय. एक अक्षर घातलं तर शब्द होतो एकोन. स्वतःहून, जाणूनबुजून. दुसरं घातलं तर आकोन. नाइलाजानं, अजाणता, मनाविरुद्ध."

"तुम्ही कोणत्या बाजूच्या?"

"एकोन. भोकाची रुंदी त्याच अक्षराएवढी आहे. शिवाय पुढचं वाक्य म्हणतं, त्याला क्षमा नाही, फार तर कीव. नाइलाज असता तर क्षमा असती. सर मात्र गेली दहा वर्षं आकोनला चिकटून होते. हुकूमशाही पडली तेव्हापासून. लुकास त्यांच्या बाजूनं. तो नेहमीच त्यांच्या बाजूनं."

"मग आज काय वेगळं झालं?"

"नेहमीचंच."

"नेहमीच्या भांडणानं तुमचा हात एवढा थरथरतो?"

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. थेक्लानं प्रश्न बदलला.

"कोण आधी निघालं, तुम्ही की लुकास?"

"मी. कोट घालून परत आत आले, माझे कागद खिडकीजवळच्या खुर्चीवर राहिले होते. तिथेच उभी राहून शेवटचं बोलले नि गेले. डोक्यावर तो पक्षी किंचाळत होता."

"डोकं दुखत होतं का तुमचं? मळमळ?"

"नाही. का?"

"सहज विचारलं."

*

लुकास वेळेच्या आधीच आला. टोपी हातात धरून बसला.

"तुम्ही कधी निघालात?"

"मी आधी. मेणबत्त्या घ्यायच्या होत्या म्हणून वळसा घालून गेलो. एवान्थिया मागे थांबली. तिचं नि सरांचं चालूच होतं."

"ती कोट घालून होती?"

"छे, बसलेली होती. कोट बाहेर खुंटीला."

"वाद फार पेटला होता?"

"मला तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही." तो थांबला. "फार दुःख सोसलंय तिनं. हुकूमशाहीच्या काळात तिचा नवरा मार्कोस पकडला गेला. समुद्रातल्या दूरच्या बेटावरच्या छळछावणीतून शवपेटी आली, उघडू नका असं बजावून. दर वर्षी स्मृतिदिनाला मीच भाषण करतो. ती येते, मागे उभी राहते."

"निघताना काही वेगळं जाणवलं? वास, आवाज?"

"काही नाही. बूट घालताना स्वयंपाकघरातून पक्ष्याचं गाणं येत होतं, तेवढंच. बिचारा. मीच त्याला दाणे आणून देतो."

थेक्लानं त्याला कॉफी पाजली आणि दारापर्यंत पोचवलं.

*

अंत्यविधी झाला. गावानं सरांना मोठ्या मानानं निरोप दिला. कबरीपाशी लुकास बोलला आणि लोक रडले. पोलिक्सेनी त्याच्या दंडाला धरून चालत होती. येणाऱ्याजाणाऱ्याला ती एकच सांगायची, मी मारलं. आणि प्रत्येक वेळी लुकास तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणायचा, अजाणता, काकू, अजाणता.

थेक्ला सायप्रसच्या झाडाखाली उभी राहून ते पाहत होती. तिला त्या माणसाच्या मऊ आवाजाची शिसारी आली, आणि का आली ते तिला अजून पुरतं कळलं नव्हतं.

दफनभूमीच्या फाटकाशी तिनं एवान्थियाला गाठलं.

"मार्कोसबद्दल तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"त्या सकाळी सर त्याच्याबद्दल काय बोलले?"

एवान्थियाचे ओठ पांढरे पडले. थेक्ला पुढे म्हणाली, "तुम्ही लपवताय, कारण सांगितलं तर संशय तुमच्यावरच येईल. पण तिकडे एक म्हातारी दिवसरात्र स्वतःला खुनी म्हणवून घेतेय. बघवतं तुम्हाला?"

एवान्थियानं मागे वळून कबरीकडे पाहिलं. मग एवान्थिया बोलू लागली. आवाजात काहीच नव्हतं.

"मी पुस्तकं काढत होते, लुकास शेजारीच बसला होता. सर म्हणाले, एवान्थिया, तुझं बरोबर आहे, तो शब्द एकोनच आहे. मला आधी आनंद झाला. कळतंय का तुम्हाला? आनंद झाला मला. दहा वर्षांनी जिंकले म्हणून. मी विचारलं, कशावरून मत बदललं? ते म्हणाले, मत कधी दुसरं नव्हतंच. मार्कोसचं नाव मी दिलं. हुकूमशाहीच्या पोलिसांनी मला एका खोलीत बसवलं, मारलंसुद्धा नाही, नुसतं बसवलं, आणि मी नाव दिलं. त्यानंतर मला तो शब्द आकोन हवा होता, म्हणून मी तो तसा वाचला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी कोट घातला. परत आत येऊन म्हणाले, मरा तुम्ही. हे माझे त्यांच्याशी शेवटचे शब्द."

"आणखी काही बोलले ते? नीट आठवा."

"मी दाराशी गेले तेव्हा म्हणाले, मी फक्त नाव दिलं, घर मला ठाऊकच नव्हतं. मला वाटलं, अजूनही स्वतःला सूट देतोय म्हातारा."

"मार्कोस कुठे लपला होता?"

"डोंगरातल्या एका गावात. लुकासच्या मावशीकडे."

वाक्य तोंडातून निघालं आणि एवान्थिया जागच्या जागी थांबली. थेक्लानं तिच्या कोपराला धरलं.

"आत्ता काही करू नका. उद्या दुपारी सरांच्या घरी या. काही ठाऊक नसल्यासारख्या."

*

तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर ही चौघं त्याच खोलीत जमली. पोलिक्सेनीनं उकडलेल्या गव्हाचा प्रसाद वाट्यांतून दिला, वर साखर आणि डाळिंबाचे दाणे. शेगडी थंड होती. सगळे कोट घालूनच बसले. पिंजरा पुन्हा आकड्याला होता.

थेक्ला उभीच राहिली. बाहेर अंगणात दोन हवालदार होते, त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"पोलिक्सेनीबाई, आधी तुमच्याशी बोलते. झडप तुम्ही बंद केली नाहीत."

"मूठ आडवी होती, मी पाहिली."

"तुम्ही पाहिलीत तेव्हा आडवी होती. तुम्ही चर्चला गेलात तेव्हा ती तशी असती, तर इथे कॉफी पीत बसलेली तिन्ही माणसं आजारी पडली असती. एवान्थियाबाई इथून धडधाकट चालत धक्क्यावर आल्या, मी स्वतः पाहिलं. म्हणजे मूठ नंतर फिरली. एक हात लुळा, दुसऱ्यात काठी, सरांना ती फिरवणं शक्य नव्हतं. ज्यानं फिरवली तो सगळ्यांत शेवटी निघाला."

"मी तर आधीच गेलो होतो," लुकास म्हणाला.

"तसं तुम्ही म्हणता. आणि असंही म्हणालात की तुम्ही निघालात तेव्हा एवान्थिया कोटाशिवाय बसल्या होत्या, आणि पक्षी स्वयंपाकघरात गात होता."

"हो."

"धक्क्यावर मी या बाईंच्या ओव्हरकोटाच्या खांद्यावरून टरफलं झटकली. खांद्यावरून, पुढून नाही. ती वरून पडलेली. कोट अंगात घालून त्या या खोलीत आल्या तेव्हा पक्षी इथेच, त्यांच्या डोक्यावर होता. तो स्वयंपाकघरात गेला तो त्यांच्यानंतर. मग तुम्ही आधी निघाला असाल, तर त्याचं गाणं तिकडून ऐकलंत कसं?"

लुकासनं वाटी खाली ठेवली. चमचा वाजला.

"मला नीट आठवत नसेल."

"अशी शक्यता असते. आता दुसरं. पिंजरा कोणी हलवला हे तीन दिवस मला कोणीच सांगेना, आणि मला तेवढंच हवं होतं. कारण एखाद्यानं झडप चुकून फिरवली असती, लाकडं वाचवायला, सवयीनं, तर त्यानं पक्ष्याला आधी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं नसतं. वाटीत ताजं पाणी भरलं नसतं. ज्यानं पक्षी वाचवला त्याला ठाऊक होतं की या खोलीत उरेल ते मरणार आहे."

पोलिक्सेनी लुकासकडे पाहत होती, समजून घ्यायचा प्रयत्न करत.

"कशासाठी?" लुकास हळू म्हणाला. "माझ्यावर बापासारखं प्रेम केलं त्यांनी. मी कशासाठी?"

"सरांनी त्या सकाळी एवान्थियाबाईंना आपलं निम्मं पाप सांगितलं. नाव मी दिलं, म्हणाले. घर ठाऊक नव्हतं. घर कोणाला ठाऊक होतं? बायकोला, आणि ज्याच्या मावशीचं घर होतं त्याला. सरांना हे आधीपासून माहीत होतं. तुम्हा दोघांनाही एकमेकांचं माहीत होतं. दहा वर्षं दोघं मिळून एका भोकात आपल्याला हवं ते अक्षर बसवत राहिलात. त्या दिवशी त्यांनी ते काढून घेतलं. एवान्थिया गेल्यावर काय म्हणाले ते तुम्हाला?"

लुकासनं सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"म्हणाले, आता तुझं तू सांग. संध्याकाळपर्यंत. नाहीतर मी सांगेन." त्यानं टोपी हातात चुरगळली. "त्यांचं काय जाणार होतं? म्हातारे झाले होते. शेवटी मन हलकं करायचं होतं त्यांना. मला उद्या वर्गात उभं राहायचं होतं. मी त्यांना म्हटलं, तुम्हीच शिकवलंत ना, भीतीनं केलेलं आपलं नसतं. ते म्हणाले, मी खोटं शिकवलं. मग डोळे मिटले त्यांनी. खरंच झोप लागली. मला एवढं सांगून त्यांना झोप लागली."

"आणि तुम्ही पिंजरा काढलात."

"त्याचा काय दोष होता?"

एवान्थिया इतका वेळ मान खाली घालून बसली होती. तिनं मान वर केली.

"मार्कोसचा काय होता?"

"तू समजून घे. पोलिसांनी मला मारलं, एवान्थिया. सरांना नुसतं बसवलं होतं, मला खरंच मारलं. माझी बोटं—"

"तेव्हाचं मी समजून घेतलं असतं," ती म्हणाली. "येऊन सांगितलं असतंस तर कदाचित तेव्हाच घेतलं असतं. तू त्याच्या नावानं भाषणं केलीस. या बाईच्या भावाला मारलंस, आणि तीन दिवस तिलाच खुनी ठरवून तिची समजूत काढत होतास. हे करताना तुला कोण मारत होतं?"

थेक्लानं दार उघडलं आणि हवालदारांना खूण केली. जाताना तो पोलिक्सेनीसमोर थांबला, काही बोलेलसं वाटलं. तिनं त्याच्या हातापासून आपली शाल ओढून घेतली. तो गेला.

थेक्ला कागदांसाठी थोडा वेळ मागे राहिली. खोलीत तिच्याशिवाय दोघीच बायका होत्या. पोलिक्सेनी नळाकडे पाहत होती.

"पण अर्धी मीच फिरवलेली होती ना," ती म्हणाली. "अर्धं काम मी करूनच ठेवलं होतं. त्याला थोडंसंच फिरवावं लागलं."

एवान्थियानं तोंड उघडलं. सांगायचं उत्तर तिच्याकडे होतं, आणि या खोलीत दहा वर्षांत पहिल्यांदाच ते खरं होतं. अजाणता. एकच शब्द. पण तो सरांनी नि लुकासनं इतका वापरला होता की तिच्या तोंडून तो निघेना.

"काकू," ती शेवटी म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लंत का?"

"नाही."

"मीही नाही."

तरी दोघींपैकी कोणी उठली नाही. थेक्लानं कागद घेतले आणि बाहेर पडून दार हलकेच लावून घेतलं.